जिलेबीचा रंग चॉकलेटात का उतरत नाही: करदंटाच्या एका ऑर्डरचा प्रकरण अभ्यास

श्रावणातल्या एका रविवारी सकाळी अकराला बेळगावच्या टिळकवाडीत बारसं होतं. मागणी २४० नगांची: करदंटाचे छोटे तुकडे, त्यांवर रंगीत चॉकलेटचा थर. ८० गुलाबी, ८० पिवळे, ८० आकाशी. करणाऱ्या दोघी शहापुरातल्या जावा. करदंटात त्यांचा हात बसलेला, तपकिरी कंपाउंडमध्ये (कोको बटरऐवजी वनस्पती तेल घातलेल्या चॉकलेटमध्ये) बुडवलेलं करदंटही त्या विकतात. रंगीत थर मात्र पहिल्यांदाच करत होत्या. गुरुवारी संध्याकाळी काम सुरू झालं आणि शुक्रवारी दुपारपर्यंत आणलेल्या २ किलो व्हाइट कंपाउंडपैकी १ किलो ३०० ग्रॅम वाया गेलं होतं. शनिवारी रात्री सगळे नग डब्यांत भरून तयार होते. मधे काय बिघडलं, का बिघडलं आणि कशाने सुधारलं ते इथे घाण्यागणिक मांडलं आहे.

आधी हिशेब आणि माल

करदंट म्हणजे गोकाकचं नाव जगभर नेणारा पदार्थ. कन्नडमध्ये ‘करिद’ म्हणजे तळलेला आणि ‘अंटु’ म्हणजे डिंक. तुपात फुलवलेला डिंक, सुकं खोबरं, खारीक, काजू-बदाम आणि गुळाचा पाक, एवढंच त्यात असतं. थर चढवण्यासाठी आतला भाग कोरडा लागतो आणि करदंट कोरडंच असतं, त्यामुळे निवड चांगली होती. बेळगावचा कुंदा कितीही आवडता असला तरी या कामाला चालत नाही. त्यात दुधाचा ओलावा असतो आणि तो दोन दिवसांत थराला आतून चिकट करतो.

आतला तुकडा १४ ग्रॅमचा, थर सुमारे ६ ग्रॅमचा. म्हणजे एका रंगाच्या ८० नगांना ४८० ग्रॅम थर लागतो. पण ४८० ग्रॅम वितळवून ८० नग होत नाहीत. पातेल्याच्या कडेला, काट्याला आणि बटर पेपरवर मिळून ८० ते १०० ग्रॅम राहतं. शिवाय शेवटचे नग बुडण्यापुरती खोली भांड्यात असावी लागते. म्हणून एका रंगाला ६५० ग्रॅम धरले, तेही एकदम रंगवायचे ठरले. हे बरोबर होतं. अर्धं आज आणि अर्धं उद्या रंगवलं तर दोन्हींची छटा कधीच जुळत नाही, आणि एका ताटात ठेवल्यावर तो फरक लांबून दिसतो.

व्हाइट कंपाउंड म्हणजे साखर, दुधाची भुकटी, पाम किंवा पाम-कर्नलसारखं घट्ट केलेलं वनस्पती तेल आणि सगळं एकजीव ठेवणारं थोडं लेसिथिन. खऱ्या चॉकलेटमध्ये कोको बटर असतं. ते नीट गोठावं म्हणून तापमान वरखाली करत टेंपरिंग करावं लागतं. कंपाउंडला त्याची गरज नसते, म्हणून घरच्या कामाला ते सोयीचं. मात्र दोन्ही एकत्र करू नयेत. कंपाउंडच्या तेलाचं आणि कोको बटरचं जमत नाही, थर मऊ राहतो आणि काही दिवसांनी त्यावर पांढुरकी बुरशीसारखी छटा येते. ती बुरशी नसते, वर आलेलं तेल असतं. पण पाहुण्यांना ते कोण समजावणार?

या प्रकरणात खरी महत्त्वाची गोष्ट एकच आहे: वितळलेल्या कंपाउंडमध्ये पाणी जवळजवळ नसतंच. साखरेचे बारीक कण तेलात तरंगत असतात, म्हणून ते ओतता येतं. तिथे पाण्याचा थेंब पडला की साखरेचे कण त्याच्याकडे ओढले जातात, ओले होतात, एकमेकांना चिकटतात. तेल बाजूला सुटतं आणि मऊ धारेचा खरखरीत गोळा होतो. एक वाटी पाण्याने होत नाही तेवढं नुकसान अर्ध्या चमच्याने होतं, आणि ते का हे पुढे येईलच.

पहिला घाणा: गुलाबी, जेल कलर

घरात केकच्या आयसिंगसाठी आणलेला गुलाबी जेल कलर होता. ६५० ग्रॅम कंपाउंड डबल बॉयलरवर (खाली गरम पाण्याचं पातेलं, त्यावर भांडं) वितळलं, छान पातळ झालं. धाकटीने त्यात अर्धा चमचा जेल घातला आणि ढवळायला लागली. दहा-बारा फेऱ्यांत चमचा जड झाला, मिश्रणाची चकाकी गेली, कणकेसारखं दिसायला लागलं.

“अक्का, हे घट्ट व्हायलंय बघा की.”

“आच कमी पडली असंल. थोडं दूध घाल गे, सुटतंय.”

दोन मोठे चमचे दूध पडलं आणि पाच मिनिटांत भांड्यात गुलाबी गोळा आणि कडेला सुटलेलं तेल राहिलं.

जेल कलरच्या डबीवरचे घटक वाचले तर पाणी, ग्लिसरीन, ग्लुकोज सिरप असंच काहीतरी असतं. आयसिंगमध्ये पाणी असतंच, म्हणून तिथे हा रंग उत्तम मिसळतो. इथे त्याच रंगाने ओल आणली. दुधाने आणखी आणली. आच वाढवल्याने तर काहीच सुटत नाही, उलट दुधाची भुकटी करपायला लागते. गोळा दिसल्यावर हात आवरता येत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. पण त्या क्षणी गॅस बंद करून चमचा खाली ठेवणं हाच एक शहाणपणाचा उपाय.

असा गोळा पुन्हा थर चढवण्याजोगा होत नाही. तेल घालून तो काहीसा सैल दिसतो, पण कडक, चकचकीत थर देत नाही. मात्र तो फेकायचीही गरज नाही. उलट दिशेने जायचं: पाणी इतकं वाढवायचं की साखर कणाकणाने चिकटण्याऐवजी पूर्ण विरघळेल. ६५० ग्रॅम कंपाउंडला एकूण १६० ते २०० मिली पातळ पदार्थ लागतो. यात जेल आणि दूध मिळून ३० मिलीच्या आसपास गेलं होतं, म्हणून आणखी १५० मिली फ्रेश क्रीम गरम करून (उकळी न आणता) तीन वेळा थोडी थोडी घातली आणि मधोमध लहान गोल फिरवत ढवळलं. आधी आणखी बिघडल्यासारखं दिसलं, दुसऱ्या वेळी एकसंध व्हायला लागलं, तिसऱ्या वेळी गुळगुळीत गुलाबी गनाश, म्हणजे क्रीम आणि चॉकलेटचं मऊ मिश्रण, तयार झालं. ते फ्रिजमध्ये बंद डब्यात चार-पाच दिवस राहतं. ऑर्डरला त्याचा उपयोग नव्हता, घरी झाला. अर्ध्या चमच्याने बिघडतं आणि वाटीभराने सुधारतं, ते असं.

एक उपकारण इथे नोंदवायला हवं. डबल बॉयलरचं खालचं पाणी रटरटत होतं आणि वरच्या भांड्याची कड खालच्यापेक्षा लहान होती. वाफ थेट कंपाउंडवर येत होती. नुसत्या वाफेनेही कंपाउंड जाड होतं. नंतरच्या घाण्यांत खालच्या पातेल्यात दोन बोटं पाणी, ते गरम झालं की गॅस बंद, आणि वर कड झाकून बसेल असं मोठं भांडं, अशी सुधारणा केली. वरच्या भांड्याचा तळ पाण्याला टेकू द्यायचा नाही. भांडं खाली उतरवताना तळ पंचाने पुसायचा, नाहीतर ओतताना तळाचा थेंब नेमका ताटात पडतो. लाकडी चमचा बाजूला ठेवला. श्रावणातल्या हवेत तो पूर्ण वाळतच नाही. सिलिकॉनचा चमचा कोरडा राहतो.

दुसरा घाणा: पिवळा, जिलेबीचा पावडर कलर

दोघींनी बरोबर अनुमान काढलं की पाणी नको. मग कोरडा रंग घ्यावा म्हणून जिलेबी-बुंदीत घालतात तो पिवळा पावडर कलर घेतला. अनुमान बरोबर, पण उपाय अपुरा. पावडर कोरडी असली तरी ती पाण्यात विरघळणारी आहे, तेलात नाही. कंपाउंड गोठलं नाही, पण रंगही आला नाही. फिकट पिवळसर पार्श्वभूमीवर नारिंगी ठिपके दिसायला लागले. रंग उतरत नाही म्हणून आणखी घातली, मग आणखी. शेवटी अर्धा चमचा गेली. गाळणीतून गाळलं तेव्हा मोठे कण वर राहिले, बारीक खाली गेले. चव पाहायला एक बोट चाटलं तर जीभ गडद पिवळी झाली. तोंडात लाळ, म्हणजे पाणी, मिळाल्याबरोबर रंग सुटला. कंपाउंडमध्ये तो नुसता अडकून पडला होता.

हा घाणा आम्ही विकायचा नाहीच असं म्हणू, आणि कारण ठिपके हे नाही. भारतात खाण्यात चालणारे कृत्रिम रंग आठच आहेत: टार्ट्राझिन (१०२), सनसेट यलो (११०), कार्मोइसिन (१२२), पॉन्सो फोर आर (१२४), एरिथ्रोसिन (१२७), इंडिगो कार्माइन (१३२), ब्रिलियंट ब्लू (१३३) आणि फास्ट ग्रीन (१४३). कंसातला आकडा डबीवर छापलेला असतो. मिठाईत यांचं एकूण प्रमाण तयार पदार्थाच्या किलोमागे १०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये असा नियम आहे. १०० मिलिग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहावा भाग. जिलेबीच्या पावडरमध्ये मीठ वगैरे भर असते, सगळा रंग नसतो. तरीही ६५० ग्रॅममध्ये अर्धा चमचा पावडर ही मर्यादा ओलांडायला पुरेशी आहे. रंग दिसत नाही म्हणून घालत राहणं हाच सगळ्यात मोठा धोका, कारण पोटात गेल्यावर तो सगळा सुटतो. बारशाला घरची लहान मुलंच आधी पुढे येतात.

याच कारणाने बाजारातल्या सुट्या पुडीतला भडक रंग हातात घेऊ नये. मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने कॉटन कँडीतल्या रोडामाइन-बी वर आणि गोबी मंच्युरीतल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली, जूनमध्ये कबाबांतल्या कृत्रिम रंगांवरही. रोडामाइन-बी हा कापड-कागद रंगवायचा गुलाबी रंग. स्वस्त, भडक आणि खाण्यात कुठेच परवानगी नसलेला. गुलाबीची मागणी असताना ही गोष्ट विसरता कामा नये. बंद डबी, छापलेले घटक, रंगाचा आकडा आणि एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी परवाना क्रमांक, एवढं पाहिल्याशिवाय रंग घेऊ नये. महाराष्ट्रातल्या चंदगडकडच्या नातेवाइकांकडून आणला म्हणून वेगळा नियम लागत नाही. सीमेच्या दोन्ही बाजूंना केंद्राचा हाच नियम.

कोणता रंग तेलात सुटतो, हे स्वयंपाकघरातच कळतं

शुक्रवारी दुपारी दोघी थांबल्या आणि हे थांबणंच उपयोगी पडलं. प्रत्येक घरात याची उत्तरं रोज दिसतात. फोडणीत हळद टाकली की तेल लगेच पिवळं होतं. केशर तुपात टाकलं तर तसंच राहतं, कोमट दुधात टाकलं की सुटतं. बीट उकडलं की पाणी लाल होतं, वरचं तेल नाही. ब्याडगी मिरचीचा रस्सा केला की लाल तवंग वर तरंगतो, खालचं पाणी फिकट राहतं. म्हणजे हळद आणि ब्याडगीचा रंग तेलाचा, केशर आणि बिटाचा पाण्याचा. कंपाउंडला फक्त पहिल्या प्रकारचा उपयोग.

ब्याडगीचा लाल कितीही मोहक असला तरी गोड पदार्थाला घेऊ नये. ब्याडगी मिरची कमी तिखट असते, तरी तिखटपणाही तेलातच सुटतो आणि रंगासोबत येतो. शेंद्रीच्या बियांचा केशरी मात्र तेलात छान उतरतो आणि त्याला झणका नाही. लोणी-चीजला तो वापरतात.

विकतच्या रंगांसाठी घरची चाचणी अशी. एका वाटीत पाणी, एका वाटीत गोडं तेल. दोन्हीत रंगाचा एक थेंब. जो पाण्यात धुरासारखा पसरतो आणि तेलात तळाशी मणी होऊन बसतो, तो कंपाउंडला नको. जो तेलात पसरतो आणि पाण्यावर ठिपका होऊन तरंगतो, तो चालेल. हाताला तेलकट लागतो म्हणून विश्वास ठेवू नये. काही बाटल्यांत प्रॉपिलीन ग्लायकॉल असतं, ते बोटाला तेलासारखं बुळबुळीत लागतं पण पाण्यात मिसळतं. शेवटची खात्री २० ग्रॅम वितळलेल्या कंपाउंडवर: एक थेंब, तीस सेकंद ढवळणे. धार तशीच राहिली तर पुढे जायचं. २० ग्रॅम गेलं तर सोसतं, ६५० गेलं तर नाही.

केकचं सामान विकणाऱ्या दुकानात “चॉकलेटमध्ये घालायचा, तेलातला रंग” असं सांगितलं की दोन प्रकार मिळतात. एक तयार पातळ, तेलात घोटलेला. दुसरा लेक नावाची पावडर. लेक म्हणजे पाण्यात विरघळणारा रंग ॲल्युमिनियमच्या संयुगावर बसवून अविद्राव्य केलेला. तो तेलातही विरघळत नाही, पण फार बारीक दळलेला असल्याने तेलात पसरतो आणि पसरूनच रंग देतो. लेक थेट कंपाउंडमध्ये टाकला तर त्याच्याही गाठी होतात. आधी थोड्या कोमट तेलात खलबत्त्यात घोटायचा. मोजण्यासाठी सोपी युक्ती: १ ग्रॅम लेक ४९ ग्रॅम तेलात घोटून ठेवायचा. मग या मिश्रणाच्या ५ ग्रॅममध्ये दशांश ग्रॅम लेक असतो आणि साध्या काट्यावरही तो मोजता येतो. या दोघींनी तयार तेलातला गुलाबी आणि निळा घेतला, सोबत दीड किलो कंपाउंड. जवळचं ७०० ग्रॅम धरून २ किलो २०० ग्रॅम झालं.

पिवळा पुन्हा, हळदीने

पिवळ्यासाठी विकतचा रंग लागलाच नाही. १० ग्रॅम रिफाइंड खोबरेल तेलात अर्धा चमचा हळद घालून अगदी मंद आचेवर पाच मिनिटं ठेवली. बुडबुडे नाहीत, फक्त कोमटाच्या पुढे. त्याने कच्चा वास जातो. मग झाकून पंधरा मिनिटं मुरवून दुहेरी मलमलीतून गाळली. कण राहिले तर थर खरखरीत लागतो, म्हणून मलमल पिळायची नाही, आपोआप निथळू द्यायची. हे तेल ६५० ग्रॅम कंपाउंडमध्ये थोडं थोडं घातलं. लिंबी पिवळा आला, भडक नाही, पण बारशाला तोच शोभतो. हळदीची पुसट चव वेलचीच्या पावडरीने झाकली गेली. वेलची कोरडी म्हणून चालते. पाण्यातला किंवा अल्कोहोलमधला एसेन्स, गुलाबपाणी, केवडा यांतलं काहीही घातलं की पहिल्या घाण्याचीच पुनरावृत्ती.

हळदीचा पिवळा उजेडात फिका पडतो. काचेच्या बरणीत खिडकीजवळ ठेवलेले नग दोन दिवसांत पांढुरके दिसतात, म्हणून हे नग झाकणाच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात गेले.

तेल किती घालावं याला मर्यादा आहे. रिफाइंड खोबरेल २४ अंशांच्या आसपास वितळतं. कंपाउंडच्या २ टक्क्यांपर्यंत, म्हणजे ६५० ग्रॅमला १३ ग्रॅम, तेल चालतं आणि धारही पातळ होते. त्यापुढे थर बोटाला लागायला लागतो. मार्च-एप्रिलमध्ये बेळगावच्या उन्हात तर एक टक्क्यावर थांबलेलं बरं. तूप किंवा लोणी घालू नये: त्यातलं दुधाचं तेल थर मऊ करतं, आणि लोण्यात पाणीही असतं.

आकाशी: रंग आला, पण हिरवट

वितळवायला या वेळी मायक्रोवेव्ह घेतला. कंपाउंड बोटाच्या पेराएवढं बारीक चिरून, अर्ध्या शक्तीवर ३० सेकंद, ढवळ, पुन्हा ३० सेकंद, ढवळ. तीन-चतुर्थांश वितळलं की १५-१५ सेकंद. उरलेले खडे भांड्याच्या उष्णतेनेच वितळू द्यायचे. ४५ अंशांच्या वर न्यायचं नाही. जास्त तापलं तर पांढऱ्या कंपाउंडमधली दुधाची भुकटी गाठी धरते. ते पिवळट आणि जाड होतं, पाणी न पडताही बिघडतं. थर्मामीटर नसेल तर खालच्या ओठाला थेंब लावायचा: गरम लागलं तर अजून थांबायचं, ना गरम ना गार लागलं तर बुडवायला तयार.

सहा थेंब निळ्याने सुंदर रंग आला, पण आकाशी नव्हे, मोरपंखीकडे झुकलेला. यात रंगाचा दोष नाही. व्हाइट कंपाउंड पांढरं नसतं, ते सायीच्या रंगाचं, म्हणजे फिकट पिवळं असतं. पिवळ्यात निळा मिसळला की हिरवट येणारच, आणि ब्रिलियंट ब्लू मुळातच थोडा हिरव्याकडचा. यावर दोन उपाय सांगितले जातात. एक, आधी पांढरा रंग घालून पिवळेपणा मारायचा. त्यात सहसा टायटॅनियम डायऑक्साइड असतो. युरोपीय संघाने २०२२ मध्ये खाण्यातला त्याचा वापर बंद केला, आणि घरच्या मिठाईला त्याची गरज आहे असं आम्हाला वाटत नाही. दुसरा उपाय दोघींनी केला: टूथपिकच्या टोकावर येईल एवढा गुलाबी निळ्यात घोळवला. हिरवट झाक मावळली. टोकाऐवजी पूर्ण थेंब पडला असता तर फिकट जांभळा झाला असता, म्हणून टोकानेच.

छटा ठरवण्याआधी बटर पेपरवर एक बोट ओढून पाच मिनिटं गार करून पाहायची. वितळलेलं गडद दिसतं, गोठलं की थोडं उजळ होतं. आणि तेलातला रंग तासाभरात आणखी पसरतो, म्हणून हव्या छटेच्या एक पायरी अलीकडे थांबायचं. घालता येतो, काढता येत नाही.

फ्रिजमधल्या अठरा नगांचं काय झालं

करदंटाचे तुकडे फ्रिजमधून काढलेले होते, “गार असले की थर लवकर बसतो” या समजुतीने. थर लवकर बसला हे खरं. पण आतला तुकडा खोलीच्या तापमानाला येताना फुगला आणि वरचा आकसलेला थर चिरला. पहिले अठरा आकाशी नग गोठायला पुन्हा फ्रिजमध्ये तासभर ठेवले. बाहेर काढताच त्यांवर दव धरलं. श्रावणात बेळगावची हवा अशी ओली असते की गार वस्तू बाहेर ठेवली की दोन मिनिटांत घाम फुटतो. त्या पाण्याने वरची साखर विरघळली, वाळल्यावर चिकट, खडबडीत, डागाळलेला पृष्ठभाग राहिला. अठरातले चौदा बाजूला काढावे लागले. खायला काहीच वाईट नव्हते, देण्याजोगे नव्हते. सुदैवाने तुकडे २६० केले होते.

बदल साधे होते. करदंटाचे तुकडे खोलीतल्या तापमानाला, पंख्याखाली एक तास. डिंक तळलेलं तूप जिथे बाहेर दिसत होतं, तिथे टिश्यू पेपरने टिपून घेतलं, कारण तुपावर थर धरत नाही आणि नंतर तिथूनच सोलतो. थर गोठायला फ्रिज नाही, पंखा: २४-२५ अंशांच्या खोलीत वीस-पंचवीस मिनिटांत नग उचलण्याजोगे होतात. उन्हाळ्यात फ्रिज लागलाच तर दहा मिनिटंच, आणि काढताना आधी हवाबंद डब्यात घालून, झाकण न उघडता अर्धा तास बाहेर ठेवायचं, म्हणजे दव डब्यावर बसतं, नगांवर नाही.

बुडवण्याची पद्धत: खोल, अरुंद भांडं, त्यात कंपाउंड ३८ ते ४२ अंशांवर. तुकडा दोन दात्यांच्या काट्यावर ठेवून बुडवायचा, वर काढून काटा भांड्याच्या कडेवर चार-पाच वेळा हलकेच आपटायचा म्हणजे जादा थर गळतो. खालचा भाग कडेला पुसून बटर पेपरवर सरकवायचा. खाली ‘पाय’ पसरत असेल तर एकतर कंपाउंड गरम आहे किंवा आपटणं कमी पडलं. दहा-बारा नगांमागे एकदा ढवळायचं, लेकचा रंग तळाला बसतो. जाड व्हायला लागलं की तेल घालायच्या आधी दहा सेकंद गरम करून पाहायचं. बहुतेक वेळा फक्त गार झालेलं असतं.

गुलाबी घाणा सर्वांत शेवटी, शनिवारी सकाळी झाला. फक्त चार थेंब. अबोलीकडे झुकला, कारण इथेही खालचा पिवळेपणा आहेच. गुलाबीला ती झाक शोभते, म्हणून काही सुधारलं नाही. कोणी राणी रंग मागितला तर मात्र नम्रपणे नाही म्हणावं. इतका गडद रंग पांढऱ्या कंपाउंडवर आणायला रंग मर्यादेपलीकडे घालावा लागतो, कडवट लागतो आणि त्यासोबत जाणारं तेल थर मऊ करतं.

भरणं आणि उरलेलं

नग पूर्ण गोठल्यावर, बोटाचा ठसा उमटेनासा झाल्यावर, कागदी वाट्यांत भरून खोक्यांत गेले. रंगागणिक खोकी वेगळी ठेवली. एकत्र ठेवले तर प्रवासात घासून पिवळ्यावर निळ्या रेघा येतात. शहापूर ते टिळकवाडी अंतर थोडं, पण पाऊस होता म्हणून खोक्याबाहेर प्लास्टिक आणि त्याबाहेर टॉवेल.

तिन्ही रंगांचं थोडंथोडं कंपाउंड उरलं. ते बटर पेपरवर पातळ ओतून, गोठवून, तुकडे करून, तारीख लिहून डब्यात ठेवलं. करदंटाचे कण पडलेलं आधी गरम असताना गाळून घेतलं. असं कंपाउंड दोन-तीनदा पुन्हा वितळवता येतं, पुढे ते जाड होत जातं. आठवड्याने त्याच घरातून मुलीच्या वाढदिवसाला जांभळे नग हवेत असा निरोप आला, तेव्हा उरलेला गुलाबी आणि आकाशी तीनास दोन या प्रमाणात एकत्र वितळवले. थोडा राखाडीकडे झुकलेला, पण नक्की जांभळाच आला. वीस नगांपुरता तेवढा पुरला.